नऊनं भाग जातो का बघ!

१९८० सालचा ३० जून. कऱ्हाडला दुपारपासून पावसानं नुसती झोड उठवली होती आणि आमच्या शाखेत सहामाही क्लोजिंगची धांदल चालली होती. तेव्हा बँकांचं वर्ष डिसेंबरअखेर संपायचं आणि सहामाही जूनअखेर. मार्चअखेरची पद्धत पुढे १९८९ पासून आली. आजच्या मुलांना सांगून पटायचं नाही, पण त्या काळी बचत खात्यांवरचं व्याज आम्ही हातानं काढत असू. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात कमीत कमी किती रक्कम होती, ते एकेका पानावर शोधायचं, सहा महिन्यांची बेरीज मारायची आणि मग व्याज. दहा तारखेचा हा नियम पुढे तीस वर्षं टिकला. रोजच्या शिलकीवर व्याज मिळू लागलं ते १ एप्रिल २०१० पासून.

मी तेव्हा एकवीस वर्षांची. नोकरीला जेमतेम वर्ष झालेलं. माझ्या वाट्याला आलेल्या लेजरमधल्या सगळ्या शिलकांची बेरीज आणि जनरल लेजरमधला आकडा यांत ५४० रुपयांचा फरक येत होता. तीनदा बेरीज केली. तीनदा ५४०. रात्रीचे आठ वाजले. ज्यांची लेजरं जुळली होती ते छत्र्या उघडून एकेक करत निघून गेले. लेजर जुळल्याशिवाय मला उठता येत नव्हतं, आणि डोळ्यांतून पाणी येऊ नये म्हणून मी खाली मान घालून चौथी बेरीज सुरू केली होती.

शेजारच्या टेबलावर नाना होते. सगळी शाखा त्यांना नानाच म्हणायची. खरं नाव पगारपत्रकापुरतं. त्यांचं लेजर संध्याकाळी सहालाच जुळलं होतं. गावाकडे जाणारी शेवटची एसटी नऊची. पिशवी खांद्याला लावून ते माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, “कितीचा फरक?”

“पाचशे चाळीस.”

“नऊनं भाग जातो का बघ!”

मला वाटलं, नाना थट्टा करताहेत. पण भाग गेला. पूर्ण गेला. नानांनी पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची ओढून घेतली. “फरकाला नऊनं भाग गेला की समजायचं, कुठेतरी आकडे उलटे पडलेत. ५४० ला ९० नं भाग. सहा आले ना? म्हणजे शेकड्याच्या आणि दहाच्या घरातले दोन आकडे उलटलेत आणि त्या दोघांत सहाचं अंतर आहे. सात आणि एक, आठ आणि दोन, नऊ आणि तीन, नाहीतर सहा आणि शून्य. बाकीच्यांकडे बघूच नकोस.”

चारशे खाती पुन्हा तपासायची होती, तिथे आता तीस-पस्तीसच उरली. एका पानावर शिलकी १,७१० होती आणि मी यादीत १,१७० लिहिली होती. सापडली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. नानांची एसटी अर्थातच गेली होती. ती रात्र त्यांनी आमच्या शिपायाच्या खोलीवर काढली.

पण मला आजही आठवतं ते वेगळंच. त्या दीड तासात नानांनी माझ्या लेजरला हात लावला नाही. पेन्सिल माझ्याच हातात होती. ते फक्त शेजारी बसून होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, “नाना, तुमचे हे उपकार मी कसे फेडू?” नाना शेतकऱ्याच्या घरातले. हसून म्हणाले, “पोरी, इर्जिकीला आलेल्या माणसाला कुणी मजुरी विचारतं का?”

शहरातल्या वाचकांसाठी सांगायला हवं. आपल्याकडे शेतीच्या कामात एकमेकांना मदत करण्याच्या दोन रीती होत्या. एक सावड. आज मी तुझ्या रानात राबलो, उद्या तू माझ्या रानात राबायचं. दिवसाला दिवस, बैलाला बैल. दुसरी इर्जिक. एखाद्याचं काम अडलं की गाव आपापली औतं घेऊन त्याच्या रानात उतरायचं, एका दिवसात काम उरकायचं, आणि त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. तिथे हिशोब कुणी लिहून ठेवत नसे. ज्याच्या रानात आज औतं उतरली, तो उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी रानात उतरणार, एवढाच विश्वास.

नोकरीची अडतीस-एकोणचाळीस वर्षं मागे टाकून आता मी घरी बसले आहे. मागे वळून बघताना वाटतं, ऑफिसातली माणसंही या दोन जातींचीच असतात. सावडीची आणि इर्जिकीची. सावडीच्या माणसांत वाईट काही नाही. व्यवहार चोख असतो. पण अडीनडीला माझ्या रानात जी औतं उतरली, ती बहुतेक इर्जिकीची होती.

१९८३ मध्ये लग्न होऊन मी पुण्याला आले. इथल्या शाखेत एक तरुण शिपाई होता. बारावी झालेला, बाहेरून बी. कॉम. करायला निघालेला. व्हाउचरचे गठ्ठे बांधून रेकॉर्ड रूममध्ये लावणं हे त्याचं काम. एकदा मी जुनं व्हाउचर शोधायला खाली गेले, तर हा पोत्यांवर बसून अकाउंटन्सीचं पुस्तक वाचत होता. मला बघून दचकला. मी विचारलं, “काय अडलंय?” तो म्हणाला, “ताई, नावे आणि जमा सोडून सगळं कळतं.”

मग मधल्या सुट्टीत आठवड्यातून तीन दिवस आमची शिकवणी सुरू झाली. डबा खाता खाता. दोन वर्षं चालली. शाखेत कुजबुज झालीच. एक सहकारी तर मला तोंडावर म्हणाले, “याला शिकवून तुम्हाला काय मिळणार? उलट उद्या चहा सांगायला माणूस राहायचा नाही.” मी नानांची नऊची युक्ती त्याला शिकवली तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला, की मिळायचं ते मला तिथेच मिळालं. १९८८ मध्ये तो क्लार्कची परीक्षा पास झाला आणि नांदेडकडे बदलून गेला. चार-पाच वर्षं दिवाळीला शुभेच्छापत्र यायचं. पुढे तेही थांबलं. मीही संसाराच्या रगाड्यात त्याला विसरले.

नानांचंही सांगायला हवं. ते १९९१ मध्ये निवृत्त झाले. तेव्हा आम्हा बँकवाल्यांना पेन्शन नव्हती. भविष्य निर्वाह निधीचे पैसे एकरकमी हातात पडायचे. २९ ऑक्टोबर १९९३ च्या करारानं पेन्शन मान्य झाली आणि १९९५ मध्ये तिचे नियम आले. १९८६ नंतर निवृत्त झालेल्यांनाही ती घेता येणार होती, पण एका अटीवर. फंडातला बँकेचा वाटा व्याजासकट परत करायचा. नानांनी तो पैसा धाकट्या मुलीच्या लग्नात आणि घराच्या पत्र्यांत घातला होता. “आपल्या नशिबात नाही,” असं म्हणून ते गप्प बसले होते.

ही गोष्ट कऱ्हाडच्या एका जुन्या मैत्रिणीकडून माझ्या कानावर आली. आम्ही दोघींनी फोनाफोनी केली. ज्याला म्हणून फोन लावला, त्याच्याकडे नानांची एक रात्र निघाली. कुणाचं लेजर, कुणाची कॅश, कुणाच्या बापाच्या आजारपणात नानांनी उचललेली कामाची पाळी. आम्ही अकरा जण जमलो. कुणी साठवलेले दिले, कुणी पतपेढीचं कर्ज काढलं. रक्कम घेऊन गावी गेलो तेव्हा नाना रागावलेच. म्हणाले, “ही इर्जिक नाही, ही सावड. पै न् पै परत करीन.” आणि केलीही, पेन्शनची थकबाकी हातात पडली तेव्हा. नाना गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. नानी होत्या तोवर दर महिन्याला त्यांच्या खात्यात कुटुंब निवृत्तिवेतन जमा होत राहिलं.

आता इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, की बाई स्वतःचीच आरती ओवाळून घेताहेत. तसं नाही. माझ्या खात्यात नावे बाजूही आहे.

१९९२ मध्ये आमच्याकडे अनुकंपा तत्त्वावर एक मुलगी लागली. नवरा बँकेतच होता, अपघातात गेला. पदरात तीन वर्षांचं मूल. तिला काम काहीच येत नव्हतं आणि विचारायची भीती वाटायची. तिचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. तेव्हा मी ऑफिसरच्या परीक्षेच्या मागे लागले होते. दुपारच्या सुट्टीत पुस्तक उघडून बसायची. ती दोन-तीनदा लेजर घेऊन आली. “जरा नंतर बघू या हं,” मी पुस्तकातून मान वर न करता म्हणाले. चौथ्यांदा ती आली नाही. तिच्या चुका व्हायच्या, सगळ्यांसमोर बोलणी बसायची, आणि मी ऐकत असायची. नानांनी माझ्यासाठी एसटी सोडली होती. मला पुस्तकाची चार पानं सोडवली नाहीत.

१९९६ मध्ये मी ऑफिसर झाले. मग शाखेत संगणक आले आणि माझी गाळण उडाली. लेजरची बाई मी. पडद्यावरचे आकडे मला परके वाटायचे. माऊस धरला की हात थरथरायचा. त्यातच २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. देशभरात सुमारे लाखभर कर्मचारी त्यात घरी गेले. मीही अर्ज भरून पर्समध्ये ठेवला होता. मुलगी तेव्हा दहावीला होती, घराचे हप्ते चालू होते. पण रोज तरुण मुलांसमोर आपलं अज्ञान उघडं पाडण्यापेक्षा घरी बसलेलं बरं, असं वाटायला लागलं होतं.

तोवर ती मुलगी बदली होऊन पुन्हा माझ्याच शाखेत आली होती, आणि संगणकावर तिच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा चालत नव्हता. एका संध्याकाळी ती आपणहून माझ्या शेजारी येऊन बसली. “मॅडम, रोज अर्धा तास थांबाल?” म्हणाली. महिनाभर ती रोज थांबली. माऊस माझ्या हातात, ती शेजारी. एक दिवस मला राहवलं नाही. मी म्हणाले, “तुला गरज होती तेव्हा मी तुला वेळ दिला नाही गं.”

ती शांतपणे म्हणाली, “आठवतंय मला. कुणी शिकवत नाही तेव्हा कसं वाटतं, ते मला माहीत आहे. म्हणून तर आले.”

त्या रात्री मी पर्समधला अर्ज फाडून टाकला. न दिलेल्या मदतीचीसुद्धा अशी परतफेड होते, हे मला तिनं शिकवलं. तशी परतफेड करणारा माणूस मोठा, आणि घेणाऱ्याची मान खाली जाते, हेही.

यानंतर जे घडलं ते सांगताना अजूनही घसा कोरडा पडतो. २००३ च्या मार्चमध्ये आमचे एक वृद्ध खातेदार अंथरुणाला खिळले होते. सही करता येईना. औषधपाण्यासाठी त्यांना ऐंशी हजार रुपये हवे होते. अशा वेळी पैसे काढण्याच्या अर्जावर दोन साक्षीदारांसमोर अंगठा घ्यायचा, आणि साक्षीदारांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा, अशी रीत आहे. मी स्वतः त्यांच्या घरी गेले. अंगठा घेतला. माझी आणि त्यांच्या डॉक्टरांची साक्ष घातली. पैसे त्यांनी सांगितल्याप्रमाणे थोरल्या मुलाच्या हाती गेले.

पाच वर्षांनी आजोबा वारले, भाऊबंदकी सुरू झाली आणि धाकट्या मुलानं तक्रार केली, की वडिलांनी असे पैसे काढलेच नव्हते. शाखेची मधल्या काळात जागा बदलली होती. त्या दिवसाच्या व्हाउचरचा गठ्ठा सापडेना. डॉक्टरही हयात नव्हते. २००९ मध्ये माझ्या हातात आरोपपत्र पडलं. तीस वर्षांची नोकरी, आणि कागद म्हणत होता की मी अप्रामाणिक असू शकते. नोकरी गेली असती तर पेन्शनही गेली असती. ज्यांच्याबरोबर रोज डबा खाल्ला, त्यांतले काही जण जिन्यात भेटले की मोबाईल कानाला लावायचे. त्यांना मी दोष देत नाही. चौकशीची सावली आपल्यावर पडू नये असं प्रत्येकालाच वाटतं.

खात्याच्या चौकशीत आपल्या बाजूनं बोलायला आपल्यातलाच एक सहकारी प्रतिनिधी म्हणून घेता येतो. दोघांनी मला नकार दिला होता. आणि एका रात्री फोन वाजला. “ताई, ओळखलंत का? रेकॉर्ड रूममधला.” तो आता मराठवाड्यात एका शाखेचा मॅनेजर होता. कुठून तरी बातमी कळली होती. “तुमचा प्रतिनिधी मी,” म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं.

रजा टाकून तो पुण्याला आला. परवानगी काढून दोन दिवस जुन्या कागदांच्या ढिगात बसला. ज्यानं पाच वर्षं ते गठ्ठे स्वतः बांधले होते, त्याला त्यांची भाषा कळत होती. १३ मार्चचा गठ्ठा नव्हताच. १२ होता, १४ होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो धुळीनं माखलेल्या तोंडानं बाहेर आला. “ताई, तेराचे उलटे किती?”

एकतीस! कुणीतरी चिठ्ठीवर १३ ऐवजी ३१ लिहिलं होतं. मार्चअखेरच्या दिवशी इतके गठ्ठे असतात, की त्यांत एक जास्तीचा मिसळला तर कुणाच्या लक्षात येणार? फरक अठराचा. नऊनं पूर्ण भाग जाणारा. अर्ज निघाला, अंगठा निघाला, दोन्ही साक्षी निघाल्या. चौकशी संपली. मी त्याच्यासमोर ओक्साबोक्शी रडले. माझ्या नवऱ्यानं त्याला जेवायला घरी आणलं, तेव्हा तो ताटावर बसत म्हणाला, “इर्जिकीचं जेवण मात्र सोडायचं नसतं. तुम्हीच सांगितलं होतं.”

मी त्याला ही गोष्ट कधी सांगितली होती, मला आठवतही नव्हतं.

म्हणजे मदत केली की ती परत येतेच का? नाही. मी ज्यांच्यासाठी रजा मोडली, ज्यांना पतपेढीत जामीन राहिले, त्यांतल्या काहींनी पुढे ओळखही दाखवली नाही. शिवाय मदतीला तत्पर माणसाच्या टेबलावर सगळ्यांची कामं येऊन पडतात, हेही खरं. अमेरिकेतले प्राध्यापक अॅडम ग्रँट यांनी २०१३ मध्ये या विषयावर एक पुस्तकच लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की नोकरी-धंद्याच्या शिडीवर देणारी माणसं अगदी तळालाही सापडतात आणि अगदी वरही. वाचताना मला नाना आठवले. नाना दुसऱ्याचं लेजर कधी स्वतः लिहीत नसत. पेन्सिल ज्याची त्याच्या हातात ठेवत. त्यामुळे त्यांच्याजवळून उठलेला माणूस पुढच्या वेळी दुसऱ्याच्या शेजारी बसण्याच्या लायकीचा झालेला असे, आणि नाना पुन्हा आपल्या कामाला मोकळे.

शेवटची एक आठवण सांगते आणि थांबते. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी जाहीर झाली. ९ ला बँका बंद होत्या. १० पासून दारात रांगा. रात्री दहा-अकरापर्यंत आम्ही नोटा मोजत होतो. निवृत्त सहकारी आपणहून हात लावायला येत होते, कुणी घरून पोळीभाजी करून आणत होतं. अशाच एका रात्री नवीन लागलेली एक मुलगी कॅश काउंटरवर पांढरीफटक होऊन बसली होती. नऊ हजारांचा फरक. कॅश कमी भरली तर कॅशियरनं खिशातून भरायची असते, आणि तिचा तर पहिला पगारही अजून घरी पोचला नव्हता.

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. म्हटलं, “नऊनं भाग जातो का बघ!” तिनं माझ्याकडे चमकून पाहिलं. पाव तासात सापडलं. एका ग्राहकाच्या पाचशेच्या जुन्या नोटा १४६ होत्या. तिनं पावतीवर १६४ लिहिल्या होत्या. १८ नोटांचा फरक.

“मॅडम, माझ्यामुळे तुमची बस गेली असेल,” ती म्हणाली.

मी घड्याळ पाहिलं. गेली होती खरी.